तिचा शाळू आणि माझी मूठ

माझ्या सासऱ्यानं मुलगी देताना एकच अट घातली होती. जावई रात्री घरी झोपणारा पाहिजे. आधी एक पोलीस सांगून आला होता, त्याला नाही म्हटलं. गिरणीतला एक आला, त्यालाही नाही म्हटलं. मग मी सापडलो. डोंगराच्या पायथ्याला चार एकर जिराईत, चौथीपर्यंत शाळा आणि एक बैल. बैल एकच, कारण दुसरा चुलत्याचा. त्याचा एक आणि आमचा एक असे जोडून दोन्ही घरांचं औत चालायचं. आमच्या साताऱ्याकडं त्याला वारंगुळा म्हणतात. सासऱ्यानं जमीन बघितली, बैलाचे दात बघितले. मला फारसं बघितलंच नाही. म्हणाला, "ह्यो कुठं जातोय? जायला ह्याच्याकडं दुसरा बैलबी न्हाई."

लग्नानंतर आठव्या महिन्यात मी फौजेत गेलो.

ठरवून गेलो असतो तर सांगायला बरं होतं. पण खरं ते लिहितो. वडिलांनी मला तालुक्याला पाठवलं होतं ते नांगराचा फाळ पाजवून आणायला. नांगराचं लोखंडी टोक ते फाळ, तो पार बोथट झाला होता. लोहाराकडं गर्दी होती. शेजारच्या मैदानात फौजेची भरती चालली होती आणि तिथल्या रांगेवर लिंबाची सावली पडली होती. मी सावलीला म्हणून उभा राहिलो. रांग पुढं सरकली तसा मीही सरकलो. हवालदारानं विचारलं, "हातात काय आहे रे?"

"फाळ."

"खाली ठेव. छाती फुगव."

फुगवली. पळ म्हणाला, पळालो. दोरावर चढ म्हणाला, चढलो. शेतात रोज ह्याहून जास्त करत होतो आणि तिथं कुणी शाबास म्हणत नव्हतं. दिवस कलताना मी भरती झालो होतो आणि माझ्या खिशात एक कागद होता.

घरी आलो तर बायको दारातच उभी. मी म्हटलं, "मी फौजेत भरती झालो."

ती म्हणाली, "फाळ कुठाय?"

"अगं, भरती झालो म्हणतोय. शिपाई झालो."

"त्ये ऐकलं. फाळ कुठाय?"

फाळ लिंबाखाली राहिला होता.

दुसऱ्या दिवशी वडील पहाटे उठून तालुक्याला चालत गेले. मला वाटलं, साहेबाच्या हातापाया पडून पोराला सोडवून आणतील. ते गेले, लिंबाखालचा फाळ उचलला, लोहाराकडून पाजवून घेतला आणि परत आले. साहेबाला भेटलेसुद्धा नाहीत. अंगणात फाळ टाकून म्हणाले, "ह्यो फाळ आला. आता मागनं चाडं कोन धरनार?"

आतून ती म्हणाली, "मी हाय की, मामंजी."

चाडं म्हणजे पाभरीवरचा, पेरणीच्या औतावरचा, लाकडी वाडगा. त्यातून नळ्यांनी बी खाली जमिनीत पडतं. बैल चालत असतात आणि चाड्यावरच्या माणसानं मुठीतून बी सोडायचं. मूठ ढिली असली तर दाट पडतं, आवळली तर विरळ. माझी मूठ ढिली होती. वडील पेरणीच्या दर दिवशी ते गावाला ऐकू जाईल असं सांगायचे. तिची मूठ अशी होती की उगवल्यावर ओळीत बोटं टाकून बघावं, दाण्यादाण्यात अंतर सारखं. वडील म्हणायचे, "पोरगं गेलं ते बरंच झालं, शेताचं भलं झालं." हे त्यांनी मला पत्रातही कळवलं होतं.

तर आमच्या घराण्यातला शेतकरी असा शिपाई झाला. खरा शेतकरी मागं घरी होता आणि चाड्यावर उभा होता.

पत्रं ती शाळामास्तरांकडून लिहून घ्यायची. सगळी एका चालीची. "बैल बरा आहे. शाळू गुडघ्याला लागला. मामंजींचा खोकला कमी आहे. तुम्ही बरे असालच." आधी बैल, मग शाळू, मग सासरा, मग मी. शाळू म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, मोत्यासारखी, तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मी बर्फात चौकीवर असायचो, अंगावर तीन कपडे, दाढीला हिम, आणि पत्र आलं की सोबतचे गढवाली, जाट सगळे विचारायचे, "तेरी ज्वार कहाँ तक आई?" मी सांगायचो, कमर तक. पुढच्या पत्राला सांगायचो, सीने तक. एका वर्षी पत्र आलं की शाळूवर चिकटा पडला, पानं काळी झाली. आम्ही सगळे तोंडं पाडून बसलो. सुभेदार आत आला, म्हणाला, "कौन मर गया?" कोणीतरी म्हणालं, "साहब, इसकी ज्वार बीमार है." सुभेदार स्वतः शेतकऱ्याचा पोरगा. तोही खाली बसला.

नोकरीची शेवटची वर्षं लखनौच्या छावणीत गेली. वडील वारले होते, धाकटा भाऊ शेतीला लागला होता, म्हणून बायको आणि मुलगा माझ्याकडं राहायला आले. मुलगा इथंच हिंदी शाळेत शिकला, इथंच बँकेत लागला. मी पेन्शनीत आलो आणि चिनहटच्या एका कारखान्यात गेटवर बसायला लागलो. ती म्हणायची, आता तरी गावी चला. मी म्हणायचो, दोन वर्षं थांब. अशी दोन-दोन करत बरीच वर्षं गेली. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. पाहुणे आले की पाण्याबरोबर ते यायचं. "शेतकरी बघून दिलीती मला. निघाला फौजी. आन् आता तर वॉचमन."

मुलाला इथल्याच जानकीपुरममध्ये सरकारी योजनेतलं घर लागलं. तेव्हा तिकडं घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. आमच्या भिंतीला लागूनच एक मोकळा प्लॉट होता, मालक कानपूरला राहायचा. ती गच्चीवर गेली, प्लॉटकडं बघितलं, खाली आली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमचं गाव. मला हितं शाळू पेरू द्या." मालकाला एसटीडी बूथवरून फोन केला. तो म्हणाला, पेरा, निदान कचरा तरी पडणार नाही.

मी बारा-बारा तास ड्यूटीवर. ती तिथं काय करायची, कधी करायची, मी नीट बघितलं नाही. पण एवढं दिसायचं की बाई शाळू आषाढात पेरते. मला ते पटायचं नाही. शाळू हस्ताच्या पावसावर पेरायचा, दसऱ्याच्या आगंमागं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. मी दर वर्षी सांगायचो, "अगं, चुकतंय तुझं. ही काय वेळ झाली शाळूची?"

ती म्हणायची, "हो का?"

आणि पेरायची. श्रावण-भादव्यात शाळू वाढायचा तो गच्चीच्या कठड्याला लागायचा. दिवाळीत कणसं भरायची. मी म्हणायचो, बघ, उगाच उंच वाढला, रीतीनं पेरला असता तर दाणा ह्याच्या दुप्पट आला असता. ती म्हणायची, "हो का?"

कणसं भरली की पोपट यायचे आणि पोपटांच्या मागनं माकडं. ती गच्चीवर उभी राहून गोफण फिरवायची. गावाकडून सुतळीची गोफण तिनं स्वतः विणून आणली होती. साठीची बाई, पदर खोचलेला, डोक्यावरून गोफण गरगर, आणि दगड सटकला की सप्प. सगळ्या वस्तीत तिला गोफनवाली अम्मा म्हणायचे. एकदा दगड पलीकडच्या इंजिनीयरच्या खिडकीला लागला. काच गेली. इंजिनीयरची बायको तणतणत आली. हिनं तिला बसवलं, शेणीच्या आरावर चार कणसं भाजली, हातावर चोळली, फुंकून भुसा उडवला आणि हुरडा तिच्या पुढ्यात ठेवला, बरोबर लसणाची चटणी. ती बाई काच विसरली. पुढच्या वर्षीपासून दिवाळी झाली की तीच भिंतीवरून विचारायची, "अम्मा, हुर्डा कब है?"

गिरणीवाला मात्र ज्वारी दळायला कुरकुर करायचा. म्हणाला, "अम्मा, ये तो जानवर खाते हैं."

ही म्हणाली, "हमारा आदमी जनावर जैसा काम करता है ना, इसलिए यही खाता है. तू दळ."

तिचं हिंदी असंच होतं. अर्ध्या वाटेवर आलं की मराठीत उतरायचं.

मागच्याच्या मागच्या फाल्गुनात, होळीला चार दिवस असताना, ती दुपारी जेवली, भांडी घासली, म्हणाली जरा पडते. ती उठली नाही. एवढंच. आयुष्यभर घरची बातमी तिनं चार ओळींत कळवली, स्वतःची तेवढीही कळवली नाही.

ती एका कानानं कमी ऐकायची. त्यामुळं मला घरात ओरडून बोलायची सवय आहे. अजून ती जात नाही. पाणी मागितलं तरी गल्लीला कळतं. सून म्हणते, "बाबा, मला ऐकू येतं." मी म्हणतो, माहीत आहे. आणि पुन्हा ओरडतो.

अस्थी घेऊन मी गावी गेलो. नदीत सोडल्या. मग गेटची नोकरी सोडली आणि भावाकडंच राहिलो, कारण लखनौच्या घरात शिरायला मन होईना. पावसाळा गेला. दसरा आला तशी गावात शाळूची पेरणी सुरू झाली. भाऊ पाभर धरून, भावजय चाड्यावर. मी बांधावर बसून बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकच आलं. लखनौच्या घरी तुपाच्या जुन्या फौजी डब्यात तिचं बी आहे. राख आणि लिंबाचा पाला घालून तिनं ठेवलेलं, तिच्या हातचं शेवटचं. ह्या बियाचा शाळू करायचा, आणि तिच्या वर्षश्राद्धाला पानावर त्याच शाळूची भाकरी ठेवायची. ह्या वेळी शाळू रीतीनं, वेळेवर पेरलेला. निदान आता तरी तिचं पीक बरोबर व्हावं, असं मला वाटलं. हे लिहिताना माझे कान गरम होतात, पण वाटलं ते वाटलं.

लगोलग गाडीत बसलो. घरी पोचलो तो आधी प्लॉट खणायला घेतला. सून बँकेतून आली. सून नागपूरची, तीही बँकेतच, कॅशवर बसते. मुलगा सकाळी स्कूटरवर जातो आणि संध्याकाळी येतो, मधल्या वेळात घरात काय होतं त्याला कधी माहीत नसतं. पण सुनेला सगळं माहीत असतं. ती पर्स खांद्याला तशीच ठेवून भिंतीपाशी उभी राहिली.

"बाबा, आई तर आषाढात पेरायच्या."

"आणि मी दर वर्षी काय म्हणायचो?"

"तुम्ही म्हणायचे, चुकतंय."

"मग?"

"मग आपण हुरडा खायचो."

मी म्हटलं, "शाळू कधी पेरायचा ते मला आता कॅश काउंटरवरून शिकायचं? जा, डबा आण."

ती आत गेली, बराच वेळ आतच होती, मग डबा आणून दिला. डबा हलका लागला. मला वाटलं, उंदीर लागले. पेरून झाल्यावर मी बाजारातून पिंजरा आणला आणि स्वयंपाकघरात लावला. पंधरा दिवस रोज सकाळी बघायचो. एकही उंदीर सापडला नाही.

पेरलं ते मीच. इथं पाभर नाही, तिफण नाही. दोरी लावून ओळी आखल्या, कवायतीला शोभतील अशा. खुरप्यानं चर काढला आणि मुठीनं बी सोडत गेलो. मूठ माझीच, वडिलांनी गावभर नाव काढलेली. एका ठिकाणी पाच दाणे, पुढं हातभर काही नाही. पण उगवलं. तुळशीच्या लग्नापर्यंत गुडघ्याएवढं झालं. मी भावाला पत्र लिहिलं, "शाळू गुडघ्याला लागला. मी बरा आहे." वस्तीत सगळ्यांना सांगितलं, वर्षश्राद्धाला या, अम्माच्या ज्वारीची भाकरी मिळेल. इंजिनीयरच्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा?" आणि प्लॉटकडं बघत राहिली. मला त्या अच्छाचा आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटला.

मग लखनौची थंडी पडली. धुकं असं की आमची भिंत मला आमच्या दारातून दिसेना. सूर्य आठ-आठ दिवस नाही. शाळूची पानं आधी पिवळी झाली, मग जांभळी. वाढ थांबली. मी सकाळी उठून बघायचो, संध्याकाळी बघायचो, मध्ये बघायचो. जुन्या रजया आणि पोती बांबूवर टाकून आडोसा केला. मुलगा म्हणाला, "बाबा, लोग हँस रहे हैं." मी म्हटलं, हसू देत, तू स्कूटर काढ आणि जा.

शाळू मांडीएवढा होऊन निसवला. मला वाटलं, जिंकलो. कणसं बाहेर आली, बोटभर, पण आली. माघ संपताना मी एक कणीस हातात घेऊन चोळलं. फुंकर मारली. हातावर काही राहिलं नाही. दुसरं चोळलं, तिसरं चोळलं. सगळा भुसा. थंडीत फुलोरा आला होता, दाणा धरलाच नव्हता. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक कणीस दाबत गेलो. फौजेत कधी हार मानून खाली बसलो नाही, तिथं मातीत बसलो. तिचं बी होतं. मी संपवलं होतं.

भिंतीवरून इंजिनीयरची बायको बघत होती. म्हणाली, "भाई साहब, मन छोटा मत कीजिए. अम्मा ने भी पहले साल यही किया था."

मी म्हटलं, "क्या किया था?"

तिनं सांगितलं ते असं. घर घेतलं त्या पहिल्या वर्षी हिनं शाळू दसऱ्यालाच पेरला होता. गावच्या रीतीनं, अगदी मी म्हणायचो तसा. धुक्यात सगळा गेला. बी संपलं. ही ह्याच जागी बसून रडली होती. मग हिनं दूध घालायला येणाऱ्या भैयाला विचारलं, तुम्ही जनावरांची चरी, म्हणजे वैरणीची ज्वारी, कधी पेरता. तो म्हणाला, पहिल्या पावसाला. त्या वर्षी मी गावी जाणार होतो. मला म्हणाली होती, "येताना धा किलो शाळू आना. खायला." मला ते पोतं आठवलं. जनरलच्या डब्यातून आणलं होतं, वाटेत लोक त्यावर बसत होते, आणि स्टेशनपासून घरापर्यंत मी तिला आणि तिच्या भाकरीला शिव्या घालत आलो होतो. ते बी होतं. मी बियाणं वाहून आणलं आणि मला कुणी सांगितलं नाही.

मी बर्फात असताना शाळूवरच्या एका एका किडीची खबर देणारी बाई. एका छपराखाली आलो आणि अख्खं पीक गेलं तरी तिनं मला कळवलं नाही. का कळवील? मी तेव्हा एवढंच म्हटलं असतं, चल, मी कारखान्यात कुणाला तरी सांगतो, पोतंभर गहू आणू. नंतर दर वर्षी मी तिला चुकतंय म्हणालो आणि ती हो का म्हणाली. एकदाही म्हणाली नाही की तुमच्या रीतीनं करून बघितलंय.

संध्याकाळी मी सुनेला सगळं सांगितलं. ओरडूनच सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं ठेवलं, हात पुसले, स्टूल घेतलं, माळ्यावर चढली आणि रजयांच्या ट्रंकेमागून एक डबा काढून माझ्यापुढं ठेवला. झाकण उघडलं. राख, लिंबाचा वाळलेला पाला आणि त्याखाली शाळू. अर्धं बी.

मी म्हटलं, "म्हणजे उंदीर तू?"

ती म्हणाली, "बाबा, रागावू नका. आईंनी मला सांगून ठेवलं होतं. सगळं बी एकदम जमिनीत घालायचं नाही. अर्धं मागं ठेवायचं."

"बरोबर आहे. फौजेतही राखीव ठेवतात."

"आणखी एक सांगितलं होतं."

"काय?"

"यांच्या हातात तर सगळं मुळीच द्यायचं नाही."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघेना. ओठ दाबून उभी होती. मला आधी राग आला, तो खरा होता. मग माझ्या डोळ्यापुढं स्वयंपाकघरातला तो पिंजरा आला आणि त्यात रोज वाकून बघणारा मी. दोघं हसलो. पोळी तव्यावर जळली.

पण खरी अडचण पुढं होती. वर्षश्राद्ध दहा दिवसांवर. मी म्हटलं, "ह्यातल्या चार मुठी दळून आणतो. एक भाकरी तर होईल. सगळ्या वस्तीला सांगून बसलोय." डब्यात होतं ते प्लॉटलाच जेमतेम पुरलं असतं. त्यातून भाकरी काढली तर पेर कमी, आणि पुन्हा पोपट, माकडं, माझी मूठ. दोन्ही होण्यासारखं नव्हतं.

सून म्हणाली, "आई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

मला विचार करावा लागला नाही. मी कितीही मोठं काही सांगत घरात शिरलो असतो, तरी दारात उभं राहून ती म्हणाली असती, फाळ कुठाय? आधी कामाचं बोला.

मी डब्याचं झाकण लावलं.

श्राद्धाला बाजरीची भाकरी केली. बाजरी इथं मिळते. पानावर तिच्या आवडीचं भरलं वांगं, चटणी, आणि बाजरीची भाकरी. गच्चीवर कठड्यावर कावळ्यासाठी ते पान ठेवलं. पंडितजी इथलेच, मंत्र म्हणत होते. आम्ही हात जोडून कावळ्याची वाट बघत होतो. कावळे होते, तारेवर बसले होते, खाली येईनात. मी मनात म्हटलं, अगं, चुकलो. शाळू पुढच्या साली देतो. कावळा हलला नाही. मी म्हटलं, आषाढात पेरतो. नाही. मी म्हटलं, बरं, सून सांगेल तसं पेरतो.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरून एक माकड उतरलं, सरळ चालत कठड्यावर आलं, अख्खी भाकरी उचलली, वांगं पुसून घेतलं आणि बसून खायला लागलं. पंडितजींचे मंत्र थांबले. सून माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, हा तोच आहे. कान तुटका." खरंच तोच होता. हिनं दोन वर्षांपूर्वी गोफणीनं त्याचा कान उडवला होता. तेव्हापासून आमच्या गच्चीकडं फिरकत नव्हता. मला हसू आलं ते आवरेना. इंजिनीयरची बायको पदर तोंडात धरून हसत होती. पंडितजींनी विचारलं, "अब क्या करें?" मी म्हटलं, "महाराज, आगे चलिए. इन दोनों का आपस का मामला है." माकड गेल्यावर तुकडे राहिले होते, ते कावळ्यांनी खाल्ले.

ह्या आषाढात पहिला पाऊस झाला तशी सुनेनं बँकेतून अर्धा दिवस काढला. मी चर काढत पुढं गेलो आणि ती मागून बी सोडत आली. मी मागं वळून बघितलं. दाण्यादाण्यात अंतर सारखं. म्हटलं, "हे कुठं शिकलीस?"

"आईंनी शिकवलं. तुम्ही ड्यूटीवर असायचे तेव्हा."

मग माझं काम राखणीचं. ते मला येतं. सकाळी चहा घेऊन गच्चीवर चढायचो ते दिवस बुडाल्यावर खाली. गोफण फिरवायला मात्र मला जमत नाही. पहिला दगड मागं गेला आणि आमच्याच टाकीला लागला. तुटका कान समोरच्या गच्चीवर बसून बघत होता, त्यालाही भीती वाटली नाही. शेवटी मी फौजी आवाजात ओरडायला लागलो. घरात ज्याला सगळे वैतागतात तो आवाज पोपटांना बरोबर लागू पडला.

शाळू कठड्याला लागला. दिवाळीनंतर पलीकडून हाक आली, "भाई साहब, हुर्डा कब है?" हुरडा झाला. मग काढणी झाली, मळणी मी काठीनं केली, आणि पहिली पायली गिरणीत घेऊन गेलो. गिरणीवाल्यानं ज्वारी ओळखली. गहू काढून टाकले, जातं झाडलं आणि दळून दिलं. सुनेनं भाकरी थापली. तिची भाकरी अजून कडेला चिरते, मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "हो का?"

पहिली भाकरी फोटोपुढं ठेवली. दुसरी मी खाल्ली.

मग चांगली चांगली कणसं निवडून बी काढलं. राख घातली, पाला घातला. त्याचे दोन वाटे केले. त्यातून थोडं पुडी बांधून इंजिनीयरच्या बायकोकडं दिलं, तेही असू द्यावं. एक वाटा मी माझ्याकडं ठेवला. दुसऱ्या वाट्याचा डबा सुनेच्या हातात दिला आणि म्हटलं, "लपव. कुठं ठेवतेस ते मला सांगू नकोस."

तिनं लपवलाय. माळ्यावर नाही, ट्रंकेमागं नाही, पलंगाखालीही नाही. मी तीनदा बघितलं.